न झालेल्या मॅचचा निकाल

फुटबॉल आणि मराठी माणूस यांचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मंडळातल्या पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना पडण्याचा संभव आहे. कोल्हापूरकरांना तो पडणार नाही. आमच्याकडे पेठेपेठेत तालमी आहेत आणि तालमीतालमीत फुटबॉलच्या टीम आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐकून इतरांना कुस्तीचे आखाडे आठवतील. आम्हाला आठवते ती शाहू स्टेडियमची खच्चून भरलेली गॅलरी. कुस्तीच्या गावात फुटबॉल एवढा कसा रुजला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच सांगतो की माझे वडील सत्तरच्या दशकात अशाच एका तालमीकडून स्टॉपर म्हणून खेळत, आणि आज पंचाहत्तरीतसुद्धा टीव्हीवर मॅच चालू असली की त्यांचा उजवा पाय आपोआप हलतो.

मागच्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला आले होते. आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे, जन्म इथलाच. आजोबा-नातवाचं बोलणं तसं जेमतेम, कारण एकाचं मराठी अर्धं आणि दुसऱ्याचं इंग्रजी अर्धं. पण फुटबॉल ही भाषा दोघांनाही पुरी येते. रोज संध्याकाळी दोघे सोफ्यावर शेजारी बसत आणि जुन्या-नव्या मॅच बघत. अशाच एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "बासष्टची आपली इंडियाची टीम आज असती ना, तर आत्ताच्या पोरांना दोन-तीन गोलनं सहज मारलं असतं."

चिरंजीव म्हणाले, "सॉरी आजोबा, पण आजची टीम त्यांना फाइव्ह-निल हरवेल. ते लोक जिमला पण जात नव्हते."

बाबा माझ्याकडे वळले. "तू एवढा डॉक्टर झालास न्हवं? मग तूच सांग की, कोण जिंकंल."

माझी डॉक्टरेट यंत्रांच्या कंपनांवरची आणि पोटासाठी लिहितो सॉफ्टवेअर. पण वडिलांनी विचारल्यावर "तो माझा विषय नाही" म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मी तीन रविवार घालवून एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो लिहिताना काय कळलं ते या लेखात सांगणार आहे. निकालही सांगेन, पण शेवटी. कारण त्या निकालाने आमच्या घरात थोडं दुखणं निर्माण केलं आणि त्यात चूक माझी होती.

बंद खोलीतले सामने

न झालेल्या मॅचचा निकाल लावणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं वाटत असेल, तर आपण ज्या देशात राहतो त्या देशाचा इतिहास पाहा. इथे अशा निकालांवर रोख पैसे वाटले गेले आहेत.

१९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडमध्ये 'बिग फ्रीझ' म्हणून ओळखला जातो. डिसेंबरच्या अखेरीस बर्फ पडला तो मार्चपर्यंत हटला नाही. मैदानं दगडासारखी झाली. एफ.ए. कपची तिसरी फेरी ५ जानेवारीला सुरू झाली ती ११ मार्चला संपली. एका फेरीला छासष्ट दिवस लागले. आता त्या काळी घरोघरी 'फुटबॉल पूल्स'चं कूपन भरलं जाई. शनिवारच्या मॅचचे निकाल ओळखायचे आणि पैसे जिंकायचे. आपल्याकडच्या मटक्याचा हा कायदेशीर आणि जरा सभ्य भाऊ म्हणा. मॅचच होईनात म्हटल्यावर कूपनं बाद होऊ लागली आणि कंपन्यांचा धंदा बसला.

यावर त्यांनी काढलेली तोड अस्सल ब्रिटिश आहे. त्यांनी एक समिती नेमली! २६ जानेवारी १९६३ च्या शनिवारी लंडनच्या कॉनॉट रूम्समध्ये एका बंद खोलीत ही मंडळी बसली. टेड ड्रेक, टॉम फिनी, टॉमी लॉटन आणि जॉर्ज यंग हे चार नामवंत खेळाडू, आर्थर एलिस हे पंच, आणि अध्यक्ष लॉर्ड ब्रॅबझन. हे लॉर्डसाहेब म्हणजे ब्रिटनमधला वैमानिकाचा पहिला परवाना मिळवणारे गृहस्थ. १९०९ साली त्यांनी डुकराचं एक पिल्लू विमानातून फिरवून आणलं होतं, का तर डुकरं उडू शकतात हे दाखवायला. न झालेल्या सामन्यांच्या समितीला याहून योग्य अध्यक्ष मिळणं कठीण होतं.

त्या दिवशी समितीने अडतीस मॅचचे निकाल दिले. तेवीस ठिकाणी यजमान जिंकले, आठ ठिकाणी पाहुणे आणि सात बरोबरीत सुटल्या. या निकालांवर लोकांनी पैसे घेतले आणि दिले. पुढे अनेक दशकं ही समिती टिकली.

मला यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट वाटते ती ही. समितीचा निकाल बरोबर की चूक हे तपासायचा कोणताच मार्ग नव्हता. तो खरा असण्याची गरज नव्हती, सगळ्यांनी आधी मान्य केलेला असण्याची गरज होती. कोण बसणार, कशावरून ठरवणार, निकाल शेवटचा असणार की नाही, हे आधी ठरलं होतं म्हणून भांडण झालं नाही. आमच्या सोफ्यावर नेमकं हेच ठरलेलं नव्हतं.

एकच मॅच की शंभर?

आता जरा वेळ काळाचा फरक बाजूला ठेवू. दोन टीम एकाच काळातल्या आहेत, दोघींची खरोखर मॅच झाली आहे. मग तरी 'सरस कोण' याचं उत्तर मिळतं का?

पन्नासच्या दशकातली हंगेरीची टीम घ्या. पुष्कास, हिदेगकुटी, कोचिश, बोझिक. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर त्यांनी इंग्लंडला ६-३ ने हरवलं. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही देशाने इंग्लंडला वेम्बलीवर तोवर हरवलं नव्हतं, त्यामुळे लोकांना तो योगायोग वाटला असावा. सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये ७-१ झाल्यावर ती शंका राहिली नाही. मग १९५४ चा वर्ल्ड कप. २० जूनला गटातल्या मॅचमध्ये हंगेरीने पश्चिम जर्मनीला ८-३ ने धुतलं. ४ जुलैला अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोन देश समोर आले आणि जर्मनी ३-२ ने जिंकली. चार वर्षं न हरलेली टीम नेमकी त्या दिवशी हरली.

बाबांच्या लाडक्या टीमचीही हीच गोष्ट. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. मग थायलंडला ४-१, जपानला २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं करत अंतिम सामन्यात पोचला, तर समोर पुन्हा दक्षिण कोरिया. ४ सप्टेंबरला भारत २-१ ने जिंकला आणि सुवर्णपदक घेऊन आला. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. गंमत म्हणजे जर्नेल मूळचा बचावातला खेळाडू. डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते, तरी प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळवलं.

म्हणजे त्याच दोन टीम, दहा दिवसांच्या आत दोन उलटे निकाल. टाइम मशीन नको, काही नको. मग 'कोण जिंकेल' हा प्रश्न एका मॅचपुरता विचारण्यात अर्थ नाही. 'शंभर मॅच झाल्या तर कोण किती जिंकेल' असा तो विचारला पाहिजे. हा बदल केला की प्रश्न गप्पांमधून गणितात येतो.

घोड्यांच्या लाथा आणि फुटबॉलचे गोल

हे गणित मात्र समजायला सोपं आहे. प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात एक सूत्र मांडलं. एखादी गोष्ट क्वचित घडत असेल, केव्हाही घडू शकत असेल, आणि तिची सरासरी आपल्याला माहीत असेल, तर ती शून्यदा, एकदा, दोनदा घडण्याची शक्यता किती हे त्यावरून काढता येतं. १८९८ साली बोर्टकिएविच या अभ्यासकाने हे सूत्र प्रशियाच्या घोडदळात घोड्यांच्या लाथेने मेलेल्या सैनिकांना लावून दाखवलं आणि ते चपखल बसलं. फुटबॉलमधले गोल बरेचसे असेच असतात. नव्वद मिनिटांत शेकडो पास, आणि गोल दोन-तीन.

१९८२ मध्ये मायकेल माहर यांनी यावर एक साधी मांडणी केली. प्रत्येक टीमला दोन आकडे द्यायचे, एक आक्रमणाचा आणि एक बचावाचा. माझं आक्रमण आणि तुमचा बचाव यांचा गुणाकार म्हणजे तुमच्याविरुद्ध माझे सरासरी गोल. घरच्या मैदानाचा फायदा वेगळा धरायचा. १९९७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी त्यात दोन सुधारणा केल्या. एक, ०-० आणि १-१ असे निकाल साध्या सूत्रापेक्षा जास्त वेळा लागतात, त्याची दुरुस्ती. दुसरी, जुन्या मॅचना हळूहळू कमी वजन द्यायचं. कालची मॅच जास्त बोलते, दोन वर्षांपूर्वीची कमी. ही दुसरी सुधारणा ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता एक उदाहरण करून पाहू. समजा एक टीम समोरच्या टीमच्या बरोबर दुप्पट चांगली आहे. तिचे सरासरी गोल १.८, समोरच्यांचे ०.९. साध्या प्वासाँच्या सूत्राने शंभर मॅच खेळवल्या तर चांगली टीम सुमारे ५९ जिंकते, २३ बरोबरीत सुटतात, आणि दुबळी टीम १८ जिंकते.

हा अठराचा आकडा मी बाबांना सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली. ते म्हणाले, "शाहू स्टेडियमवर हे मी डोळ्यांनी बघितलंय." फुटबॉलवर माणसं इतका जीव का टाकतात याचं कारणही याच आकड्यात असावं. बास्केटबॉलमध्ये शंभर गुण होतात आणि बहुतेक वेळा चांगली टीमच जिंकते. फुटबॉलमध्ये गोल इतके थोडे की दैवाला आत शिरायला फट राहते.

साठ पायऱ्यांचा पूल

इथवर सगळं छान चाललं होतं. आता खरी अडचण. १९६२ च्या टीमचे आकडे १९६२ च्या प्रतिस्पर्ध्यांवरून निघणार, आजच्या टीमचे आजच्या प्रतिस्पर्ध्यांवरून. हे दोन आकडे एका पट्टीवर आणायचे कसे?

बुद्धिबळात आर्पाड इलो यांची मानांकन पद्धत आहे. फिफानेही २०१८ पासून पुरुषांच्या क्रमवारीसाठी तीच कल्पना घेतली. जिंकलात तर गुण वाढतात, बलवानाला हरवलंत तर जास्त वाढतात. पण हे गुण म्हणजे उंची मोजायची फूटपट्टी नव्हे. वर्गात कितवा नंबर आला, एवढंच त्यातून कळतं. १९६२ च्या वर्गात पहिला आलेला आणि आजच्या वर्गात चाळिसावा आलेला, यांत हुशार कोण हे नंबरांवरून ठरत नाही. आधी दोन्ही वर्गांची तुलना हवी.

एक उपाय दिसतो. प्रत्येक वर्षीचे काही खेळाडू पुढच्या वर्षीही खेळतात. स्टॅन्ली मॅथ्यूज १९३२ साली स्टोककडून खेळायला लागले आणि १९६५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, शेवटचा लीग सामना खेळले. वेम्बलीवरच्या त्या ६-३ मध्येही ते होते. अशा माणसांचे धागे धरून एका वर्षावरून दुसऱ्या वर्षावर, असा पूल बांधत आजपर्यंत यायचं.

आपल्यातल्या ज्यांनी कॉलेजात सर्व्हेइंग केलं आहे त्यांना यातला धोका लगेच कळेल. डम्पी लेव्हल घेऊन टेकडी चढायची, साठ ठिकाणी स्टाफ धरायचा, आणि प्रत्येक वेळी एक मिलिमीटर चुकायचं. चूक कधी इकडे, कधी तिकडे अशी होत असेल तर शेवटी एकूण आठेक मिलिमीटरचा फरक पडेल. पण यंत्रच जरा वाकडं असेल आणि चूक दर वेळी एकाच दिशेने होत असेल, तर पुरते साठ मिलिमीटर. फुटबॉलमध्ये ही एकाच दिशेची चूक हमखास होते, कारण धागा म्हणून वापरलेला खेळाडू स्वतः दर वर्षी म्हातारा होत असतो. तो मागे पडला म्हणजे जग पुढे गेलं, की त्याचे गुडघे गेले?

शिवाय खेळच बदलतो. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे येताना आक्रमकाच्या समोर तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालेल, असं ठरलं. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये तेवढ्याच ४६२ मॅचमधले गोल एका वर्षात ११९२ वरून १७०३ वर गेले. खेळाडू तेच, नियमातला फरक एका माणसाचा. मग १९९२ मध्ये गोलकीपरला स्वतःच्या खेळाडूने पायाने दिलेला पास हातात घ्यायला बंदी आली. बाबांच्या काळचा स्टॉपर अडचणीत आला की चेंडू गोलीकडे ढकलून श्वास घ्यायचा. आजच्या स्टॉपरला ती चैन नाही. चेंडू चामड्याचा होता, पावसात भिजून जड व्हायचा. मग ही मॅच कुठल्या चेंडूने खेळायची, आणि कुठल्या नियमाने?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न. १९६२ च्या माणसांना टाइम मशीनमध्ये बसवून जसेच्या तसे आणायचे, की त्यांना आजच्या काळात जन्माला घालून, आजचा आहार, आजचा फिजिओ, आजचे बूट देऊन मग मैदानात उतरवायचे? पहिल्या प्रकारात कोणत्याही काळची जुनी टीम बहुधा हरेल. शंभर मीटर धावण्यात काय झालं ते घड्याळ सांगतं. फुटबॉलला घड्याळ नाही, पण पाय तेच असतात. दुसऱ्या प्रकारात प्रश्न वेगळा होतो: आपापल्या काळात कोण किती उंच होता?

डिक्सन आणि कोल्स यांनी जुन्या मॅचना कमी वजन का दिलं हे इथे कळतं. पुढच्या शनिवारचं भाकीत करायचं तर विसरणं हे शहाणपण आहे. पण आमच्या सोफ्यावरचा प्रश्न विसरण्याचा नव्हताच. तो सगळा आठवणीचा होता.

निकाल

तर मी प्रोग्रॅममध्ये एक बटण ठेवलं. त्याला मनातल्या मनात 'प्रगतीचं बटण' म्हणत असे. बटण शून्यावर, म्हणजे दोन्ही टीमना आपापल्या काळाच्या मापाने मोजायचं. १९६२ ची टीम आशियात पहिली. आजची आशियात बरीच खाली. म्हणून मी जुन्या टीमला दुप्पट धरलं: ५९, २३, १८. बटण पुढे सरकवलं, म्हणजे साठ वर्षांत सगळा खेळच वर गेला असं धरलं. एका ठिकाणी आजची टीम दुप्पट ठरली आणि आकडे आरशात पाहावेत तसे उलटे झाले: १८, २३, ५९.

दोन्ही कागद प्रिंटरमध्ये होते. चिरंजीवांच्या हाती दुसरा लागला. तो त्यांनी विजयाने आजोबांना नेऊन दिला. "बाबाच्या प्रोग्रॅमने सांगितलंय. आजची टीम फिफ्टी-नाइन."

बाबांनी कागद पाहिला, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला. काही बोलले नाहीत. पुढचे तीन-चार दिवस संध्याकाळी ते मॅच लावायच्या वेळेला बागेत जाऊन बसू लागले. आमच्या सौ. नी विचारलं तर म्हणाले, "जरा हवा खातो."

मला उशिरा कळलं. बाबांच्या लहानपणी ते बारा वर्षांचे असताना भारत आशियात पहिला आला होता. त्यांच्या पेठेतली पोरं त्या टीमची नावं एकमेकांना देऊन खेळायची: कोणी चुनी गोस्वामी, कोणी बलराम, कोणी थंगराज. बाबा अर्थातच जर्नेलसिंग. पुढे पैसा नाही, नोकरीत बढती नाही, तरी दगडी मैदानावर पंधरा वर्षं ते खेळले, ते त्या जर्नेलच्या जोरावर. आणि मी त्यांना 'तुमचे लोक हरतात' असा मशीनचा शिक्का मारलेला कागद दिला होता.

त्या रविवारी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि सगळं खरं सांगितलं. बटण दाखवलं, दोन्ही कागद दाखवले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे दुप्पट-बिप्पट मशीननं काढलं, का तू घातलंस?"

"मीच घातलं, बाबा."

"मग त्यो तुझा निकाल हाय. मशीनचा न्हवं."

पंचवीस वर्षं कॉम्प्युटरबरोबर काढलेल्या माणसाला याहून नेमकी टीका कोणी केलेली नाही. उत्तर माझ्या गृहीतात आधीच होतं, प्रोग्रॅमने फक्त त्याचे शंभर तुकडे करून दाखवले. आणि मी आकडा बाहेर जाऊ दिला, गृहीत मात्र खिशात ठेवलं. हीच ती चूक.

इलफर्ड

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे इलफर्डला गेलो. इलफर्डमध्ये क्रिकलफील्ड नावाचं एक साधं मैदान आहे. ३१ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकमध्ये, स्वतंत्र भारताची टीम तिथे फ्रान्सशी खेळली. बहुतेक खेळाडू अनवाणी. फ्रान्स २-१ ने जिंकलं, तेही अगदी शेवटच्या मिनिटांतल्या गोलने. आणि भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या.

चिरंजीव हे ऐकून थबकले. "दोन्ही मिस?" मग मनातल्या मनात हिशोब करून म्हणाले, "पेनल्टी चारमध्ये तीन वेळा जाते. दोन्ही मिस व्हायचा चान्स म्हणजे सोळात एक. आजोबा, ही मॅच पुन्हा खेळली तर बहुतेक वेळा इंडिया हरणार नाही!"

अनवाणी माणसांच्या बाजूने हे गणित मांडलेलं पाहून बाबा खूष झाले. मग परतीच्या गाडीत त्यांनी स्वतःहून नातवाला सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. बासष्टच्या त्या स्पर्धेत इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना व्हिसाच दिला नव्हता. म्हणजे तगडे प्रतिस्पर्धी बाहेरच राहिले. १९६४ च्या आशिया चषकात भारत इस्रायलकडून ०-२ हरून दुसरा आला. "पण त्याच स्पर्धेत कोरियाला दोन शून्यनं पुन्हा मारलं," हे जोडायला ते विसरले नाहीत. छप्पन सालची हकीगतही सांगितली. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली मॅच हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतली, भारताला पुढे चाल मिळाली, आणि पुढच्या मॅचला मुंबईकडून खेळणाऱ्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारून ४-२ ने जिंकून दिली. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. "हंगेरीबरची ती मॅच झाली असती तर?" चिरंजीवांनी विचारलं. बाबा हसले. "शंभरात अठरा तरी मिळाल्या असत्या की."

तेव्हा वाचकहो, मंडळाच्या पुढच्या पिकनिकला 'सत्तरची ब्राझील की आजची अर्जेंटिना' असा वाद निघाला, तर चार गोष्टी आधी ठरवून घ्या. मॅच एक की शंभर? नियम आणि चेंडू कुठल्या काळचा? जुन्यांना जसेच्या तसे आणायचे की आजच्या सोयी देऊन? आणि मोजायचं कशाने, आपापल्या काळच्या मापाने की एकाच मापाने? यातलं एक जरी उत्तर दोघांचं वेगळं असेल, तर तुम्ही एका प्रश्नावर भांडत नसून दोन वेगळे प्रश्न एकाच वेळी सोडवत आहात.

हे फक्त फुटबॉलपुरतं आहे असं मला आता वाटत नाही. आपल्यातल्या ज्येष्ठांनी तीन पौंड खिशात घेऊन इथे पाऊल ठेवलं, आणि आमची पिढी वर्क परमिट घेऊन विमानातून उतरली. 'आमच्या वेळी' हे शब्द आपल्या घरांत दोन्ही बाजूंनी उच्चारले जातात, आणि दर वेळी कोणीतरी ते बटण न दाखवता आकडा सांगत असतो. मीही मुलाला सांगत आलो आहे. हल्ली जरा कमी सांगतो.

बाबा आता कोल्हापुरात आहेत. जाताना दोन्ही कागद घेऊन गेले. दर रविवारी फोनवर वाद चालतो. नातू टाइम मशीनच्या बाजूने बोलतो, आजोबा म्हणतात आधी त्या पोरांना बूट आणि दूध द्या, मग मॅच लावा. अजून निकाल लागलेला नाही. मी मध्ये पडत नाही.